कानात सांगितलेला सिनेमा

प्रिय मास्तरीणबाई,

हे पत्र माझी नात लिहिते आहे आणि तुझी सून वाचते आहे, म्हणजे आपण दोघी म्हाताऱ्या नुसत्या आयत्या बसून आहोत. मला लिहिता येत नाही हे तुला नवीन नाही. डोळे गेल्यापासून तुला वाचता येत नाही हे मात्र नवीन आहे, आणि त्याची तू जी ऐट चालवली आहेस ती मला फोनवरसुद्धा ऐकू येते. "मला कुठे नेऊ नका, आता बघायचं काय राहिलंय," असं म्हणतेस आणि फोन सुनेच्या हातात देतेस. मागच्या खेपेला तर नुसतं "ठेवते" म्हणालीस, तेव्हा माझं हॅलोसुद्धा पुरतं झालं नव्हतं. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. सूनबाई, तिने भिंतीकडे तोंड केलं तरी वाचायचं थांबू नकोस, कान दोन्ही बाजूंना असतात. आणि हसू आलं तर दाबू नकोस, ते तिला ऐकू गेलं पाहिजे.

तर मास्तरीणबाई, तू एक नंबरची खोटारडी आहेस. हे मला गेल्या आठवड्यात, भर दुपारी, माझ्याच सोफ्यावर बसून कळलं. नात म्हणते, असं एकदम लिहू नये, आधी ख्यालीखुशाली सांगावी. बरं. आम्ही सगळे मजेत आहोत. माझा डावा गुडघा बोलतो, उजवा त्याला दुजोरा देतो. मुलाने गाडी घेतली आहे आणि स्वतःचं तोंड धुवायच्या आधी तिची काच पुसतो. सून चहात साखर घालताना माझ्याकडे पाठ करते, म्हणजे किती घातली ते मला दिसू नये. झाली ख्यालीखुशाली. आता तुझ्या खोटेपणाकडे येते.

या माझ्या नातीला जुन्या सिनेमांचं वेड आहे हे तुला माहीत आहे. तिच्या कपाटात कपडे कोंबलेले असतात आणि सिनेमे मात्र एका रेषेत उभे. त्यातही तिला आवडतात ते काळेपांढरे, गुन्ह्याचे. त्या जातीला काहीतरी फ्रेंच नाव आहे, ते ती नाकातून म्हणते. मी त्यांना अंधाराचे सिनेमे म्हणते. त्यातल्या पुरुषांच्या डोक्यावरची टोपी झोपतानासुद्धा निघत नाही, बायका दारात टेकून उभ्या राहतात, आणि घरात वीज असून कोणी दिवा लावत नाही. खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर घेऊन बसतात. मी एकदा विचारलं, यांना बिलाची काळजी आहे का. त्यावर ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तर त्यातलाच एक सिनेमा तिने मागवला. जाडजूड डबा, आत चकती, सोबत छोटं पुस्तक. म्हणे मूळ फिल्म कुठल्याशा गोदामात सापडली, मग लोकांनी ती एकेक चित्र घेऊन धुतली, पुसली, डाग काढले. सिनेमाच्या आधी एक पांढऱ्या केसांचा माणूस येऊन ते सगळं सांगतो, आणि सांगताना त्याचे डोळे भरून येतात. मला तो माणूस आवडला. डाग काढताना रडू येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

मी वाटाणे सोलायला म्हणून त्या खोलीत गेले. पडद्यावर एक बाई होती. डोक्यावर जाळीची टोपी, एका हातात मोजा घातलेला, दुसरा काढलेला, आणि भुवई अशी वर की समोरच्याने माफीच मागावी. मी सहज म्हणून गेले, "अगं, ही तर त्याची बहीण." नात म्हणाली, "कोणाची बहीण?" म्हटलं, "त्या टोपीवाल्या गुप्तहेराची. लहानपणी घराला आग लागून ताटातूट झाली ना त्यांची." नातीने सिनेमा थांबवला. माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं वाटाणे चुकीच्या भांड्यात टाकते आहे.

तुला समजलं ना कोणता सिनेमा? आता भिंतीकडे बघून उपयोग नाही.

तो शर्टांचा कारखाना आठव. खिडकीखालचं ते लांब टेबल. मी काजं करायची, तू बटणं लावायचीस. माझ्या काजातून तुझं बटण गेलं नाही की मुकादम दोघींना एकदम बोलायचा, आणि आपण दोघी एकमेकींकडे बोट दाखवायचो. पुडीचा कागद दिसला की तू तो सुरकुत्या काढून सगळ्यांना वाचून दाखवायचीस, म्हणून तू मास्तरीण. आणि तू शिकवायला बसलीस की मला नेमकं कपडे वाळत घातल्याचं आठवायचं, म्हणून मी अक्षरशत्रू. शनिवारी अर्धी सुट्टी झाली की आपण दुपारचा खेळ गाठायचो. परदेशी सिनेमा असला की खाली आपल्या भाषेत ओळी यायच्या. त्या तू वाचायचीस आणि माझ्या कानात सांगायचीस. या सिनेमाला समोरच्या रांगेत बसलेला तो टकलू आठवतो का? "बाई, घरी जाऊन बोला," म्हणत सारखा मागे वळायचा. अर्ध्या सिनेमानंतर मात्र तो वळायचा थांबला आणि खुर्चीत मागे रेलला. चष्मा घरी विसरला होता बिचारा. शेवटी बाहेर पडताना डोळे पुसत तुला म्हणाला, "बरं झालं बाई, भाऊ-बहीण भेटले." म्हणजे तू मला एकटीला नाही, अख्ख्या रांगेला फसवलंस.

ती गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल याचा हिशोब नाही. मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली, दाताच्या डॉक्टरला सांगितली. ही नात तर त्याच गोष्टीवर वाढली. समुद्रावर नवरा गेलेली बाई, तिला शोधत आलेला गुप्तहेर, तो निघतो तिचा हरवलेला भाऊ, आणि शेवटी धुक्यात नवऱ्याचं जहाज लागतं. हिला सिनेमांचं वेड लागलं तेच मुळी तो सिनेमा शोधता शोधता. पुस्तकं धुंडाळली, जगभरच्या वेड्या लोकांना पत्रं घातली. सगळ्यांनी कळवलं, असा सिनेमा नाही. हिला वाटलं, जळला असेल, हरवला असेल. आणि तो हिच्याच कपाटात येऊन उभा राहिला, पण हिने ओळखला नाही. कारण सिनेमा होता, गोष्ट तुझी होती.

मी म्हटलं, पहिल्यापासून लाव, आणि तू मला वाचून दाखव. ही इमानदारीने वाचते, तिथेच सगळा घोळ झाला. आधी तर मी पाऊस शोधत बसले. माझ्या आठवणीत त्या शहरात बारमाही पाऊस. रस्त्यावर पाऊस, घरात पाऊस, कोर्टात न्यायाधीशाच्या टकलावरसुद्धा पाऊस. मी म्हणायची, काय गं ती माणसं, छत गळतंय आणि कोणी बादली ठेवत नाही. नात म्हणाली, "आजी, ते फिल्मवरचे ओरखडे होते." आता धुतल्यावर सगळं कोरडं ठणठणीत. कोटाची शिवण दिसते. त्या गुप्तहेराच्या कोटाचं दुसरं बटण लोंबतं आहे, शेवटपर्यंत कोणी लावत नाही. तू असतीस तर पडद्यात हात घातला असतास. आणि अंधार, मास्तरीणबाई, अंधार तर काय सांगू. आपण पाहिला तेव्हा नुसती काजळी होती. आता अंधारात जिने दिसतात, दारामागे उभा असलेला माणूस दिसतो, टेबलाखालची मांजर दिसते. एवढे दिवस ती मांजर तिथे होती आणि आपल्याला पत्ता नाही.

मग ते दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. तुला आठवत असेलच, नुसते गळ्यात पडून थांबले नाहीत. तेव्हा मी तुला कोपर मारून विचारलं होतं, "अगं, हे काय?" आणि तू क्षणभर थांबून म्हणाली होतीस, "तिकडे भाऊ-बहीण असेच भेटतात." मी ते मानलं. नुसतं मानलं नाही, पुढे आमच्या शेजारी एक परदेशी जोडपं राहायला आलं, तेव्हा मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, भावाबहिणींचं प्रेम बघावं तर यांचं. ही नात हसून हसून सोफ्यावरून खाली आली. लिहितानाही हसते आहे, म्हणून या ओळी वाकड्या आहेत. सूनबाई, तूही हसते आहेस ना? मास्तरीण हसली का? नसेल तर ही ओळ पुन्हा वाच.

तर मी तुझ्यावर भयंकर चिडले होते. मनातल्या मनात तुला फोन लावून सगळं बोलून झालं होतं. पुढच्या प्रसंगापर्यंत.

पुढचा प्रसंग म्हणजे पोलीस त्या बाईला बंदरावर नेतात तो. पाण्यातून एक माणूस काढला आहे. त्याच्यावर कापड आहे. कापडाखालून एक हात बाहेर आहे आणि हातात अंगठी आहे. मला तो प्रसंग लख्ख आठवत होता, आणि तू काय सांगितलंस तेही. तू सांगितलंस, हा कोणी भलताच आहे, ती म्हणते हे माझे यजमान नव्हेत, माझे यजमान परत येणार आहेत. नातीने वाचलं, "होय, हा माझा नवरा. ही अंगठी मीच घातली होती." पुढे पोलीस वादळाबद्दल बोलतात, जहाजावरून कोण कसा गेला ते विचारतात. ही भराभर वाचत होती. मी म्हटलं, थांबव. ती म्हणाली, "आजी, आता तर खरी मजा आहे." मी म्हटलं, थांबव आणि चहा ठेव.

ती चहा ठेवायला गेली आणि मी त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसले. कापड, हात, अंगठी. त्या वर्षी आमचे हे मालवाहू जहाजावर मेकॅनिक होते. वादळानंतर त्यांच्या जहाजाची काही खबर नव्हती. कंपनीच्या ऑफिसातला माणूस मला बघितलं की टेबलावरचे कागद इकडचे तिकडे करायचा. या नातीचा बाप माझ्या पोटात होता, आणि मी काजं करताना धाग्यात गाठी पाडत होते. त्या मी सांगायच्या आधी तू सोडवून ठेवायचीस. तूच म्हणालीस, चल, सिनेमाला जाऊ, पोस्टरवर बाई हसते आहे म्हणजे गमतीचा असणार. मास्तरीण असून पोस्टरची पारख तुला कधी नव्हतीच.

आणि आत जाऊन बसल्यावर पहिल्याच ओळींत तुला पडद्यावर दिसलं, त्या बाईचा नवरा समुद्रावर बेपत्ता आहे. मला दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं. तुला वाचता येत होतं. तू उठली नाहीस. "चल, कंटाळवाणा आहे," म्हणाली असतीस तर मी कारण विचारलं असतं, एवढी तरी मी तुला ठाऊक होते. तू खोकलीस. मला आठवतं, तू दोनदा खोकलीस आणि टकलू मागे वळला. मग तू बोलायला लागलीस. एकीकडे खरं येत होतं, ते वाचायचं, दुसरीकडे खोटं रचायचं, तेही पुढे काय येणार ते माहीत नसताना. भाऊ तिथेच जन्माला आला असणार. तो पुरुष तिच्या घरी सारखा का येतो याला काहीतरी कारण हवं होतं. मग आग लावलीस, ताटातूट केलीस. पोलीस सारखे का येतात, तर तिची काळजी घ्यायला. बंदूक का निघते, तर ती सिगारेट पेटवायची. आपल्या टेबलावर कोणी चुकीचं कापलेलं कापड आणून टाकलं की तू असंच जोड देऊन देऊन शर्ट उभा करायचीस, आणि अंगात घालणाऱ्याला कळायचं नाही. हा जोड मला आता दिसला, इतक्या वर्षांनी, सिनेमा धुतल्यावर.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी कित्येक दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले. पोस्टरवाल्या बाईचा नवरा परत आला तर माझा का नाही, एवढाच साधा हिशोब. आणि आले की हे. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याचा कोट. दारात उभे राहून म्हणाले, "भूक लागली आहे." मी त्यांना जेवायला वाढता वाढता सिनेमा सांगितला. त्यांना वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. पुढे आयुष्यभर ती गोष्ट सुरू केली की ते पेपर तोंडासमोर धरायचे, आणि तरी शेवटाला म्हणायचेच, "मग जहाज लागलं." शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणाले. तेव्हा तू जे केलंस ते फक्त त्या एका दुपारपुरतं केलंस असं समजू नकोस. ते आमच्या घरात राहायला आलं.

हे सगळं मी नातीला सांगितलं. चहा निवून गेला. मग ती म्हणाली, "आजी, शेवट बघायचा का? पण खरा शेवट वाईट आहे हं." मी म्हटलं, लाव. खरा शेवट असा, की त्या बाईनेच नवऱ्याला जहाजावरून ढकलायला लावलं होतं, गुप्तहेराला ते कळतं, आणि प्रेम असूनही तो तिला पोलिसांच्या हाती देतो. दोन पोलीस तिला मध्ये घेऊन धक्क्यावरून चालत जातात, धुकं आहे, तो मागे उभा राहून सिगारेट ओढतो. समाप्त. तू तेव्हा सांगितलं होतंस, "तिच्या यजमानांचं जहाज लागलं, पोलीस तिला घ्यायला आलेत." चित्र तेच. एक धागा इकडचा तिकडे नाही.

पण आता ऐक. सूनबाई, इथे सावकाश वाच. शेवटच्या त्या चित्रात धुकं आपण पाहिलं तेव्हा नुसता पांढरा ढग होता. आता धुतल्यावर त्या धुक्यात, पडद्याच्या उजव्या टोकाला, एक जहाज आहे. मी आधी म्हटलं, डोळ्यांवर परिणाम झाला. नातीला म्हटलं, जवळ जाऊन बघ. ती नाक लावून बघून आली आणि म्हणाली, "आहे, आजी. दिवा लावलेलं जहाज आहे." एवढ्या अंधारात कोणीतरी एक दिवा लावला, तो तिथे. आणि ती बाई मान वळवते तेव्हा जाळीखाली तिचा चेहरा दिसतो, आणि ती हसते आहे. नात म्हणते, यावर मोठमोठ्या लोकांचा वाद चालला आहे, ती का हसते कोणाला कळत नाही. मला कळतं. जहाज लागलं म्हणून हसते.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. ते जहाज तेव्हा पडद्यावर कोणालाच दिसत नव्हतं. तुझे डोळे चांगले होते, तरी तुलाही दिसत नव्हतं. पण ते आहे असं मला तू सांगितलंस. तेव्हा आता बघायचं काय राहिलंय, हे रडगाणं माझ्यापुढे गायचं नाही. तू डोळ्यांनी कधी बघत होतीस? रविवारी दुपारी माझा मुलगा गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. काच स्वच्छ असेल, ते तुला दिसणार नाही, पण त्याच्यापाशी कौतुक कर. सूनबाई, तिची पिशवी शनिवारीच भरून ठेव, चांगले आठ-पंधरा दिवसांचे कपडे घाल, ती परत लवकर येणार नाही. सोफ्यावर माझ्या डाव्या बाजूची जागा तुझी, कारण माझा त्या बाजूचा कान चांगला आहे आणि तू मध्ये बोलणारच. नात सिनेमा लावेल आणि तोंड बंद ठेवेल, असं तिने कबूल केलं आहे. आणि मी तुझ्या कानात सगळं सांगेन. खरा सिनेमा नाही, तो कोणीही सांगेल. तू मला सांगितलास तो, तुझ्याच शब्दांत, शब्दनशब्द. खोकायची जागासुद्धा माझ्या लक्षात आहे. आणि जहाज आलं की तुझा हात दाबेन.

मला सही येत नाही आणि आली तरी तुला दिसली नसती. म्हणून पत्राच्या खालच्या कोपऱ्यात शर्टाच्या कापडाचा एक तुकडा टाचला आहे. त्याच्यावरून अंगठा फिरव, काज कोणी केलं ते तुला समजेल. त्याला बटण नाही. ते तू ये आणि लाव.

तुझीच,
अक्षरशत्रू